भाषाखेळ, इंग्रजीचे
इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांना ती वापरण्याचा सराव व्हावा, म्हणून वर्गात योजिलेले खेळ. हॅरल्ड व डोरोथे पामर यांच्या इंग्लिश थ्रू ॲक्शन्स (टोकिओ, १९२५) या पुस्तकात आज्ञा ऐकून कृती करण्याचे पाठ आहेत. ‘सायमन सेज’ हा खेळ याच जातीचा : हे शब्द आधी उच्चारले, तरच आज्ञा पाळावयाची, एरवी पाळणारा बाद होतो. बोलण्याची सक्ती नसल्याने संकोची विद्यार्थीही यात रमतो. परंतु ज्यांना सरावाची अधिक गरज, तेच बहुधा प्रथम बाद होतात. म्हणून कोणासही न वगळता चुका मोजणे श्रेयस्कर. संभाषणासाठी चित्रभेदाचा खेळ उपयुक्त असतो. दोघांजवळील चित्रांतील फरक परस्परांचे चित्र न पाहता, प्रश्नोत्तरांतूनच शोधावयाचे असतात. उत्तर खरोखरच ठाऊक नसल्यामुळे प्रश्न कृत्रिम वाटत नाही. मात्र जोडीदार मातृभाषेत बोलू लागल्यास हेतू फसतो.