आगगाडीचे जुने रूळ : त्यांचें वय व उपयोग

गोठ्याची तुळई किंवा फाटकाचा खांब यांसाठीं आगगाडीचा जुना रूळ मिळाल्यास शेतकरी तो आनंदानें घेतो. परंतु जुना रूळ म्हणजे एकाच जातीचें लोखंड नव्हे.

मुंबई-ठाणें मार्ग १८५३ सालीं सुरू झाला, त्या सुमारास रूळ घडीव लोखंडाचे असत. पोलादी रूळ प्रथम १८५७ सालीं इंग्लंडांत डर्बी येथें घालण्यांत आला. त्या काळीं वर-खालीं सारखीं डोकीं असलेला रूळही प्रचारांत होता. वरची बाजू झिजली कीं तो उलटा करून पुन्हां वापरावा, अशी योजना होती. पण ओतीव बैठकींत राहून खालच्या बाजूस खांचे पडत, व उलटल्यावर गाडी खडखडे. योजना कागदावर मात्र उत्तम होती!

रुळाचें वय त्याच्या मधल्या उभ्या पट्टीवरील उठावाच्या अक्षरांवरून कळतें. तेथें वजन, कारखान्याचें नांव, महिना व साल दिलेलें असतें. महिना पुष्कळदां रोमन आंकड्यांत असतो. हें साल घडणीचें, मार्गावर घालण्याचें नव्हे. नव्वद पौंडी रूळ म्हणजे यार्डास ९० पौंड, अर्थात् फुटास सुमारें १३.६ किलो, दहा फुटी तुळई १३६ किलो भरेल, तेव्हां भिंत तशी भक्कम हवी. अक्षरें गंजून गेलीं असल्यास लहान तुकडा खांच पाडून मोडावा. घडीव लोखंड तंतुमय दिसतें, पोलाद रवाळ.

पोलादी रुळांत कर्ब बराच असतो. त्यामुळें तो पुरेसा तापविल्यावांचून वेल्डिंग केल्यास सांध्याजवळ तडा जातो. जोड बोल्टांनींच करावे हें बरें. टोंकांकडील भोंकांपाशीं बारीक चिरा असूं शकतात, म्हणून तुळईकरितां तीं टोंकें कापून टाकावीं. खांब जमिनीलगत आधीं गंजतो. तेथें डांबर द्यावें. स्लीपरांच्या खिळ्यांच्या कड्या चांगल्या होतात, पण मऊ लोखंडास धार टिकत नाहीं. ओतीव स्लीपरांस घण लावूं नये, ते फुटतात.

खरेदींत मात्र सावधगिरी हवी. १९६६ च्या कायद्याप्रमाणें, चोरीचा असल्याचा वाजवी संशय येईल असा रेल्वेचा माल जवळ सांपडल्यास तो रीतसर मिळाल्याचें ज्याच्या ताब्यांत आहे त्यासच सिद्ध करावें लागतें. पहिल्या गुन्ह्यासही पांच वर्षांपर्यंत कैद आहे. आपल्या जमिनीवर असा व्यवहार जाणूनबुजून होऊं देणारा मालकही सुटत नाहीं. यास्तव विक्रेत्याकडून लिलावाच्या कागदाची नक्कल व स्वतःच्या नांवाची पावती घेऊन मगच गाडी भरावी.