आधी नाव, मग घड्याळ, मग व्हीसेंटर

भुसावळच्या कंट्रोलमध्ये बसलेला माणूस पाचोऱ्याचा सिग्नल स्वतः देत नाही. कोणती गाडी आधी सोडायची, कोणती लूपला घ्यायची, एवढंच तो सांगतो. कंट्रोलचा फोन बंद पडला तरी स्टेशनमास्तर गाड्या चालवतो. पहूरला पाचोरा-जामनेर पीजेच्या रुळांशेजारी वाढलेल्यांना व्हीसेंटर समजावताना मला हाच दाखला सोपा वाटतो.

व्हीसेंटर म्हणजे कंट्रोल, आणि ईएसएक्सआय घातलेले तुमचे तीन सर्व्हर, म्हणजे होस्ट, ही तीन स्टेशनं. प्रत्येक जण आपापल्या व्हीएम, म्हणजे आभासी यंत्रं, स्वतः चालवतो. व्हीसेंटर बंद पडलं तरी त्या चालूच राहतात. आधी लावून ठेवलेली एचए असेल, तर एखादा होस्ट कोसळल्यावर त्याच्या व्हीएम दुसऱ्यावर उठतातही. अडतं ते चालती व्हीएम या होस्टवरून त्या होस्टवर हलवणं आणि भाराची वाटणी.

2020 च्या 7.0 आवृत्तीपासून विंडोजवरचं व्हीसेंटर बंद झालं. आता ते फोटॉन ओएसवरची तयार व्हीएम म्हणूनच येतं, डेटाबेससकट. 8.0 मध्ये सर्वांत लहान आकाराला 2 व्हीसीपीयू आणि 14 जीबी रॅम लागते, आणि तो 10 होस्ट व 100 व्हीएमपर्यंत पुरतो. तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही संस्थेला एवढं भरपूर झालं.

इन्स्टॉलर उघडायच्या आधी डीएनएस तपासा. नाव विचारलं तर पत्ता यायला हवा आणि पत्ता विचारला तर तेच नाव. दुसरी बाजू लोक विसरतात. व्हीसेंटरचं प्रमाणपत्र याच नावावर बनतं, म्हणून नाव विचारपूर्वक ठेवा. नंतर बदलणं जिकिरीचं आहे. मग एनटीपी, म्हणजे घड्याळं जुळवणं. घड्याळं पुढं-मागं झाली की लॉगिनचं टोकन नाकारलं जातं, आणि आपण पासवर्डला दोष देत बसतो.

हे जमलं की बाकीचं सोपं. लॅपटॉपवर आयएसओ उघडा. पहिल्या टप्प्यात होस्टचा पत्ता, आकार, डेटास्टोअर आणि नेटवर्क विचारतात. व्हीएम तयार होते. दुसऱ्या टप्प्यात वेळ आणि एसएसओ, म्हणजे लॉगिनची व्यवस्था. मग ब्राउझरमधून डेटासेंटर बनवा, त्यात क्लस्टर, त्यात एकेक होस्ट.

खरी परीक्षा वीज जाऊन परत आल्यावर होते. डीएनएससुद्धा याच होस्टवरची व्हीएम असेल, तर व्हीसेंटर तिच्याआधी उठतं, त्याला स्वतःचंच नाव सापडत नाही आणि त्याच्या सेवा अडकतात. त्यामुळे डीएनएस बाहेरच्या एखाद्या छोट्या यंत्रावर ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. तिन्ही होस्टचे आयपी पत्ते आणि व्हीसेंटर सध्या कोणत्या होस्टवर आहे हे कागदावर लिहून रॅकला चिकटवा. अंधारातून उठताना त्या होस्टवर थेट आयपीने शिरावं लागतं.

व्हीसेंटरच्या 5480 पोर्टवरच्या पानावरून रोजचा बॅकअप लावा, तोही या तीन होस्टच्या बाहेर. तो परत घालताना त्याच आवृत्तीचा इन्स्टॉलर लागतो, म्हणून ती आयएसओ फाइल बॅकअपशेजारीच ठेवा.