ओरेगॅनो: लाड कमी, वास जास्त

पिझ्झासोबतच्या पुडीतून ओळखीचा झालेला ओरेगॅनो बीडच्या अंगणात किंवा गच्चीवर सहज येतो. तो बिघडतो तो बहुधा चुकीच्या समजुतींमुळे.

गैरसमज: भजीचे ओव्याचे पान म्हणजेच ओरेगॅनो.
वस्तुस्थिती: ओव्याचे पान जाड, रसदार आणि लवदार असते, ओरेगॅनोचे लहान, पातळ, काटक देठावरचे. दोन्ही तुळशीच्या कुळातली, पण वेगळी झाडे. कार्व्हाक्रोल आणि थायमॉल या द्रव्यांमुळे त्यांचा वास जुळतो. मसाल्यातला ओवा मात्र कोथिंबिरीच्या कुळातला, तरी त्याच्याही वासाचे मूळ थायमॉलच.

गैरसमज: हे थंड हवेचे झाड, इथल्या उन्हात जळेल.
वस्तुस्थिती: ओरेगॅनो भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या टेकड्यांवर वाढतो. रोज सहा तास ऊन त्याला हवेच. एप्रिल-मेमध्ये कुंडीच तापते, तेव्हा दुपारपुरती सावली द्या. खरा धोका काळ्या मातीचा. गेवराई-माजलगावकडची भारी जमीन पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. आष्टी-पाटोद्याकडची हलकी, मुरमाड जमीन त्याला मानवते. काळी मातीच असेल तर निम्मी जाड वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा. पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या धारेखाली ठेवू नका.

गैरसमज: रोज पाणी आणि भरपूर खत दिले की झाड डेरेदार होते.
वस्तुस्थिती: पाने वाढतात, वास उतरतो. लावताना मूठभर कुजलेले शेणखत पुरे. मातीत बोट खुपसून पाहा. दोन पेरांपर्यंत कोरडे लागले तरच पाणी घाला.

गैरसमज: बी खोल पेरावे.
वस्तुस्थिती: बी राईहूनही बारीक असते आणि उगवायला त्याला उजेड लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओल्या मातीवर भुरभुरून तळहाताने हलके दाबा. झाड मिळाले तर शेंड्याची फांदी लावणे अधिक सोपे.

गैरसमज: फुले येईपर्यंत झाडाला हात लावू नये.
वस्तुस्थिती: झाड वीतभर झाले की शेंडे खुडा, म्हणजे बगलफुटी येतात. मोठी कापणी कळ्या दिसताच, फुले उमलण्याआधी करा. तेव्हा पानांत तेल भरपूर असते. सकाळी दव सुकल्यावर पानांच्या जोडीच्या जरा वर कापा आणि खालचा तिसरा हिस्सा राखा.

गैरसमज: पापड-कुरडयांसारखे कडक उन्हात वाळवावे.
वस्तुस्थिती: उन्हात रंगासोबत तेलही उडते. जुड्या बांधून हवेशीर सावलीत उलट्या टांगा. पान बोटांत कुरकुरले की ओरबाडून घट्ट झाकणाच्या बरणीत अख्खेच भरा. चुरायचे ते वापरताना.

गैरसमज: पुडीतला तो शुद्ध ओरेगॅनो.
वस्तुस्थिती: सीझनिंगच्या पुडीत बहुधा मीठ, लसूण, मिरची असते. घरचा वापरताना मीठ वेगळे घाला, आणि ताज्या पानांच्या एक तृतीयांश वाळलेला घ्या.