नारळ कुठे ठेवू, आई?

कॉलेजमधून निघताना घरून फोन येतो. ‘येताना दोन नारळ, मेथीची जुडी आणि दूध घेऊन ये.’ ॲक्टिव्हावाल्या मित्राला याचं काही टेन्शन नसतं. त्याच्या सीटखाली १८ लिटरची जागा असते. सीट उचलली, सामान टाकलं, निघाला. आपण मात्र पार्किंगमध्ये आपल्या लाडक्या स्पोर्ट्सबाइककडे बघत उभे. पुढे हुक नाही, डिकी नाही, सीटखाली टूलकिट आणि फार तर एक फडकं.

ही आपणच ओढवून घेतलेली हौस आहे, हेही खरं. यामाहाची आर-१५ भारतात आली २००८ मध्ये. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिची सलग सीट गेली आणि दोन तुकड्यांची आली. दिसायला एकदम झकास! पण मागचा तुकडा अरुंद आणि शेपटीकडे चढत जाणारा. त्यावर ठेवलेली वस्तू एक तर पुढे घसरते, नाही तर बाजूने पडते.

खरं तर कमी जागेत सामान बसवणं नायगावकरांना कुणी शिकवायला नको. इथल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्यांचे संसार झाले. माळ्यावर गाद्या, पलंगाखाली ट्रंका, दारामागे खुंट्या. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. बाइकवरही तेच करायचं असतं. फरक एवढाच, की खोलीत जागा चुकली तर ओरडा बसतो, इथे आपण रस्त्यावर असतो.

माझी जागा चुकली ती हिंदमाताजवळ. कापडी पिशवीत दोन नारळ होते, पिशवी हँडलला लावलेली. स्पोर्ट्सबाइकचं हँडल खाली आणि टाकीला चिकटून असतं. सरळ जाताना काही कळलं नाही. गल्लीत वळायला हँडल फिरवलं आणि पिशवी टाकी नि हँडलच्या मध्ये अडकली. हँडल अर्ध्यातच थांबलं. वेग अगदी कमी होता म्हणून पाय टेकवता आला. एक नारळ आंबेडकर रोडवर गडगडत गेला. मागून बस नव्हती म्हणून हा लेख लिहितोय. तेव्हापासून हँडलला काहीही लावत नाही. हेल्मेटसुद्धा नाही.

मग सामान जाणार कुठे? बहुतेक वेळा पाठीवरच्या सॅकमध्ये. पण ती भरायची एक पद्धत आहे. पुढे वाकून बसल्यावर सॅकचं वजन खांद्यांवरून मनगटांत उतरतं. म्हणून पट्टे थोडे सैल सोडून सॅकचं बूड मागच्या सीटवर टेकवायचं आणि छातीवरचा पट्टा लावायचा. नारळ तळाला. लॅपटॉप पाठीच्या बाजूला, सपाट. आणि मणक्याच्या रेषेत लोखंडी कुलूप, लांब छत्री, स्टीलचा डबा असलं काही ठेवायचं नाही. पडलात तर पाठ आधी त्यावरच आपटणार. डब्याबद्दल आईशी करार करा: सुकी भाजी. बाइक वळणावर झुकते तेव्हा डाळही झुकते आणि अकाउंट्सच्या नोट्स पिवळ्या होतात.

टँक बॅग हा चांगला पर्याय, पण चुंबकाची घेण्याआधी घरातलं फ्रिज मॅग्नेट टाकीवर लावून बघा. काही बाइक्सच्या टाकीवर प्लॅस्टिकचं कव्हर असतं, तिथे ती चिकटणारच नाही. बॅग बुटकी हवी, हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून तपासलेली. बाजूला लटकणाऱ्या सॅडलबॅगा सायलेन्सरला टेकल्या तर वितळतात. मागच्या सीटवर बांधायचं असेल तर जाळी वापरा आणि सगळे हुक अडकलेत ना, हे हाताने ओढून बघा. सुटलेला इलॅस्टिकचा पट्टा चेनमध्ये किंवा मागच्या चाकात गेला तर चाक जाम होऊ शकतं.

सगळ्यात अवघड सामान म्हणजे दुसरं हेल्मेट. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे, २०२२ च्या जूनपासून मुंबईत त्यावर कारवाईही सुरू झाली. पण एकट्याने जाताना ते ठेवायचं कुठे? कोपरात अडकवून चालवणारे रोज दिसतात, आणि त्यांचा तो हात ब्रेकवर नीट पोचत नाही. मी ते मागच्या सीटवर जाळीखाली बांधतो. कॉलेजला पोचल्यावर केबल लॉकने बाइकलाच अडकवतो. मग सीटवर दुसरं काही बसत नाही. म्हणजे मित्राला लिफ्ट द्यायची की दोन किलो कांदे आणायचे, हे सकाळीच ठरवावं लागतं. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये असल्याने सीटखालची चिमूटभर जागा मोकळी झालीय, तिथे घडी केलेली कापडी पिशवी मावते.

पावसात सॅकच्या कव्हरवर भरवसा ठेवू नका. मागच्या चाकाचं पाणी सीटवर टेकलेल्या बुडातून आत शिरतं. लॅपटॉप आतल्या आत वेगळ्या जाड पिशवीत गुंडाळा.

मेथी सगळ्यात वर, चेन थोडी उघडी ठेवून. पानं बाहेर डोकावत असतात आणि लूकचा पार कचरा होतो, पण घरी अख्खी पोचते. दूध सॅकच्या बाजूच्या कप्प्यात, फुटलं तरी वह्या वाचतात. अंड्यांवर मात्र मला अजून उपाय सापडलेला नाही. ती मी बाइक लावून, चालत जाऊन आणतो.