प्रवेशाची वाट पाहताना

पी.यू.सी.चा निकाल लागला की आमच्या हुबळी-धारवाडात पालकांची धावपळ सुरू होते. कोणी महाविद्यालयाच्या कचेरीत खेपा घालतो, कोणी ओळखीच्या प्राध्यापकांचे घर गाठतो. अशाच दिवसांत एका विद्यार्थिनीचे वडील माझ्याकडे आले व म्हणाले, "बाई, फादरांची एक चिठ्ठी मिळाली तर बरे होईल. आमच्या मनात तेच कॉलेज आहे, एवढे तरी त्यांना कळेल." अशा आस्थेचा प्रवेशाशी खरोखर किती संबंध असतो, हे आज आपण पाहू.

या धावपळीला पूर्वी अर्थ होता. खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांत एके काळी गुणांपेक्षा ओळख आणि ओळखीपेक्षा देणगी वरचढ ठरे. त्याला आळा घालण्यासाठी कर्नाटकाने १९८४ साली कायदा केला. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी देणगी घटनाबाह्य ठरविली आणि १९९४ पासून राज्यात सामाईक प्रवेश परीक्षा आली. व्यवस्थापनाच्या कोट्याची गोष्ट वेगळी. पण सरकारी वाट्याच्या जागा आज कर्नाटक परीक्षा प्राधिकरण गुणानुक्रमे देते. प्राचार्यांना कोण भेटून गेले, याची तेथे नोंदच नसते. अमेरिकेत काही महाविद्यालये विद्यार्थ्याची भेट वा पत्र विचारात घेतात हे खरे. परंतु तेथीलही एम.आय.टी.सारखी संस्था तसे करीत नाही.

मग आपली आवड दाखवावयाची कोठे? पसंतीक्रमात. समजा, एखाद्या मुलीने पहिली पसंती हुबळीच्या के.एल.ई. तंत्रज्ञान विद्यापीठातील संगणकशास्त्राला दिली व दुसरी धारवाडच्या एस.डी.एम. अभियांत्रिकी महाविद्यालयाला. संगणक तिच्या क्रमांकाची पाळी आल्यावर आधी पहिली पसंती पाहतो. ती जागा भरली असेल, तर त्याच क्षणी दुसरी पाहतो. तिच्या मागच्या क्रमांकाच्या मुलाला तोवर काहीच मिळालेले नसते. म्हणून वरची पसंती हुकली, तरी खालच्या पसंतीवरचा तिचा हक्क तसूभरही कमी होत नाही.

नेमके हेच न कळल्याने माझ्या एका हुशार विद्यार्थ्याचे नुकसान झाले. "हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये," असे म्हणून वडिलांनी घराजवळचे महाविद्यालय पहिले लिहावयास लावले. तेच मिळाले. मनातले महाविद्यालय दुसरे होते; त्या क्रमांकाला तेही मिळाले असते. पण मिळालेल्या जागेच्या खालच्या पसंती पुढील फेरीत गळून पडतात. ही म्हण व्यवहारात खरी असेल. पसंतीक्रमात मात्र ती घात करते.

प्राधिकरण आधी एक लुटुपुटीची यादी प्रसिद्ध करते. ती पाहून क्रम बदलता येतो. खरी जागा मिळाल्यावर चार वाटा असतात: जागा स्वीकारून थांबणे, ती राखून वरच्या पसंतीची वाट पाहणे, ती सोडून पुढच्या फेरीत जाणे, किंवा प्रक्रियेतूनच बाहेर पडणे. दुसरी वाट निवडली व वरची जागा मिळाली, तर आधीची आपोआप जाते. मागाहून ती परत मागता येत नाही. म्हणून मिळालेल्या जागेपेक्षा जी खरोखर हवी, तीच पसंती वर ठेवावी. त्या वर्षीची सूचनापत्रिका अक्षरशः वाचावी आणि फी भरण्याची मुदत भिंतीवर लिहून ठेवावी.

तर मग महाविद्यालय पाहावयास जाऊच नये काय? अवश्य जावे, पण त्यांना आपली आस्था दाखविण्यासाठी नव्हे, तर आपली आस्था खरी आहे का हे तपासण्यासाठी. प्रयोगशाळा उघडी असते का, ग्रंथालयात मुले बसतात का, वसतिगृहाचा खर्च किती, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे. हुबळी ते धारवाड अंतर सुमारे २० किलोमीटर. एवढा प्रवास चार वर्षांच्या निर्णयासाठी जड नाही. मात्र हे यादी भरण्यापूर्वी करावे.

त्या वडिलांना मी चिठ्ठी दिली नाही. मुलीला घेऊन बसले आणि तिला विचारले, "तुला काय शिकावयाचे आहे?" तिचे उत्तर वडीलही प्रथमच ऐकत होते.