किलोओहमच्या पलीकडचा हंबकर

ब्रिजजवळचा हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, बदलायचा ठरला की गिटारवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “किती किलोओहम?” ८ म्हणजे मवाळ आणि १६ म्हणजे दणदणीत, असा सरळ हिशेब. हा हिशेब चुकतो आणि खिशाला चाट बसते.

मल्टीमीटरवर दिसतो तो कॉइलमधल्या तांब्याच्या तारेचा रोध. वेढे वाढवले की तो वाढतो, तसाच तार बारीक घेतली तरी वाढतो. ४२ गेजऐवजी ४४ गेजची तार घेतली, तर तेवढ्याच लांबीला रोध दीडपटीहून जास्त होतो. आवाज काही त्या पटीत वाढत नाही. रोध तापमानानुसारही बदलतो. २० अंशांना ८ किलोओहम दाखवणारा पिकअप ३५ अंशांना साडेआठच्या जवळ जातो, पण मे महिन्यात गिटार जास्त जोरात वाजते असं कोणी म्हणत नाही. तार, चुंबक आणि घडण सारखी असलेल्या दोन पिकअपची तुलना करायला हा आकडा चालेल. एरवी त्यावर विसंबू नये.

मग ब्रिजचा पिकअप नेकपेक्षा जास्त वेढ्यांचा का असतो? ब्रिजपाशी स्ट्रिंग जेमतेम हलते. मूळ सूर तिथे क्षीण, वरचे स्वरांश ठळक. नेकचाच पिकअप तिथे बसवला तर तो किरटा आणि दुबळा वाजतो. थोडे वेढे वाढवले की पातळी सावरते, मधला पट्टा पुढे येतो आणि टोकदारपणा उतरतो. मात्र वेढे वाढवतच गेलं तर कडेचा तजेला जातो, कॉर्डमधले सूर एकमेकांत मिसळतात.

“हेवी वाजवायचं तर हाय आउटपुटच हवा” या समजुतीमागे इतिहास आहे. डिमार्झिओचा ‘सुपर डिस्टॉर्शन’ पिकअप १९७२ साली आला, तेव्हाच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये गेन बेताचा असे; अ‍ॅम्प फाटेपर्यंत ढकलायला दांडगा पिकअप लागायचा. आज साध्या अ‍ॅम्पमध्येही गेनची रेलचेल असते. तिथे मध्यम आउटपुटचा पिकअप घट्ट रिफ अधिक स्वच्छ देतो, असं माझं मत. झीझी टॉपचे बिली गिबन्स १९५९च्या लेस पॉलवर जुने, बेताच्या ताकदीचे पिकअप वाजवतात. त्यांचा आवाज कोणी बारीक म्हणेल का?

अ‍ॅल्निकोचं चुंबक गोड आणि सिरॅमिकचं कर्कश, हेही अर्धंच खरं. चुंबकाइतकीच वेढ्यांची घडण बोलते.

हंबकर सगळी खरखर घालवतो, हा आणखी एक समज. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९५९ साली ते मिळालं. युक्ती अशी: दोन कॉइलच्या वेढ्यांची दिशा उलट आणि चुंबकाची ध्रुवताही उलट. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण दोन्हीकडे उलटसुलट येऊन मिटते, स्ट्रिंगचा सूर मात्र बेरीज होऊन येतो. गेनची ‘स्स’ या युक्तीला दाद देत नाही. कॉइल स्प्लिट केला, म्हणजे एकच कॉइल चालू ठेवला, की गुणगुणही परत येते.

पैसे खर्च करण्याआधी स्क्रूड्रायव्हर घ्या. शेवटच्या फ्रेटवर स्ट्रिंग दाबून धरा. पिकअपचे पोल आणि स्ट्रिंग यांत दीड ते अडीच मिलिमीटर अंतर ठेवून ऐका. अर्ध्या मिलिमीटरनेही स्वभाव बदलतो. व्हॉल्यूमचा पॉटही बघा: २५० किलोओहमचा असेल तर चांगला हंबकरही मंद वाटेल, ५०० चा लावा.

तरीही पिकअप घ्यायचाच असेल तर पोलमधलं अंतर मोजा: काही ब्रिजना ५० मिलिमीटरच्या आसपासचं जुळतं, फ्लॉइड रोझसारख्यांना साधारण ५३ लागतं. थोडा फरक बहुधा फक्त डोळ्यांना खुपतो. खरा घोळ पुढे होतो. नेकचा पिकअप दुसऱ्या कंपनीचा असेल आणि दोन्ही एकत्र वाजवल्यावर आवाज नाकातून आल्यासारखा पोकळ झाला, तर फेज उलटा आहे. चार तारांचा पिकअप असेल तर त्याच्या दोन टोकांची अदलाबदल करून सोल्डर करा. म्हणून विकत घेतानाच चार तारांचा मागा.