डिजिटल भारत निधी: गावात नेटवर्क नसेल तर काय करावे?

डिजिटल भारत निधी ही वैयक्तिक लाभाची योजना नाही. यातून कोणाच्याही बँक खात्यात रक्कम जमा होत नाही, म्हणून लाभार्थी अर्जही नाही. हा पैसा तुमच्या गावात टॉवर किंवा फायबर केबलच्या रूपाने येतो. हे आधी लक्षात घ्या, कारण फसवणूक नेमकी इथेच होते.

निधी कोठून येतो?

दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित सकल महसुलाच्या ५ टक्के रक्कम यासाठी केंद्र सरकारकडे भरतात. डोंगराळ किंवा विरळ वस्तीच्या गावात टॉवर चालवणे कंपनीला परवडत नाही. ती तूट या निधीतून भरली जाते. पूर्वी याचे नाव ‘सार्वत्रिक सेवा दायित्व निधी’ होते. दूरसंचार अधिनियम, २०२३ ने ते बदलले.

गावासाठी कोणती कामे होतात?

मोबाइल सेवा नसलेल्या २४,६८० गावांत ४जी पोहोचवण्यासाठी जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला. हे काम बीएसएनएलकडे आहे.

दुसरे काम भारतनेटचे. जुन्या जाळ्यात केबल एका ओळीत टाकलेली होती. रस्त्याच्या खोदकामात ती एका जागी तुटली की पुढच्या सगळ्या ग्रामपंचायती बंद पडत. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमाला मंजुरी मिळाली. त्यात केबल कड्यासारखी जोडायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहते. मात्र पंचायत कार्यालयात फायबर आला म्हणजे वाडीवर आला असे नव्हे. ग्रामपंचायतीचे मुख्यालय नसलेल्या गावांना जोडणी मागणीनुसार मिळते. घरातील जोडणीचे मासिक शुल्क कुटुंबालाच भरावे लागते.

तुम्ही काय करू शकता?

मागणी ग्रामसभेत मांडा आणि ठराव लिहून घ्या. ‘नेटवर्क नाही’ एवढेच लिहू नका. कोणत्या वाडीत, कोणत्या कंपनीचा सिग्नल येत नाही, रेशन दुकानातील ई-पॉस यंत्र किंवा आधार पडताळणी अडते का, १०८ ला फोन लागतो का, हे नोंदवा. टॉवरसाठी वाद नसलेली सार्वजनिक जागा उपलब्ध असल्यास तीही ठरावात नमूद करा. ठरावाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्या. केंद्राच्या पीजी पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे विनामूल्य तक्रार करता येते; नोंदणी क्रमांक जपून ठेवा.

टॉवर आहे पण सेवा खराब असेल, तर आधी कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते.

टॉवरच्या नावाने पैसे मागितले तर

“तुमच्या शेतात सरकारी टॉवर मंजूर झाला आहे, नोंदणी शुल्क भरा, दरमहा भाडे मिळेल” असे फोन आणि शिक्क्यांची पत्रे अनेकांना येतात. दूरसंचार विभाग किंवा ट्राय जमीनमालकाकडून टॉवरसाठी कोणतेही शुल्क घेत नाही आणि ना-हरकत प्रमाणपत्रही देत नाही. असा फोन आल्यास संचार साथी पोर्टलवरील ‘चक्षू’ सुविधेत नोंदवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा.